‘आमच्याकडे झाडं जगत नाहीत’: मुलुंडमधल्या एका फ्लॅटचा प्रकरण अभ्यास

घरातल्या आणि बाल्कनीतल्या झाडांबद्दल सल्ला देणं हे माझं काम. त्यातलंच हे एक प्रकरण. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. झाडं, खिडक्या आणि निर्णय मात्र जसे होते तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला एका सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके. घरात नवरा-बायको, त्यांची चौदा महिन्यांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. दोघंही साडेआठच्या आत लोकलच्या वाटेला लागतात, ते दिवेलागणीनंतरच परततात. दिवसभर घरी आजी आणि नात, शिवाय सकाळी कामाला येणाऱ्या मावशी.

हॉलची खिडकी पश्चिमेला, बेडरूमची उत्तरेला, स्वयंपाकघराची पूर्वेला. तिन्ही खिडक्यांना बॉक्स ग्रिल. पूर्वी हॉलमध्ये दुपारी तीननंतर इतकं ऊन यायचं की पडदे ओढल्याशिवाय बसवत नसे. मग पश्चिमेची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. आता तिथे हिरव्या जाळीत गुंडाळलेला टॉवर उभा आहे. हॉलमध्ये भरदुपारी दिवा लावावा लागतो आणि खिडकीच्या कट्ट्यावर सिमेंटची बारीक धूळ रोज नव्याने बसते.

ऊन गेलं नेमकं त्याच सुमारास घरात झाडांची हौस शिरली. वर्षभरात जेड, अरेका पाम, पीस लिली, स्नेक प्लँट, बाटलीतला मनीप्लँट, लकी बांबू आणि एक लॅव्हेंडर एवढी मंडळी येऊन गेली. लॅव्हेंडर मुंबईत विकायला ठेवतात तरी का, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेलं ते झाड आपल्या जुलैत काय टिकणार! बाकीची झाडं मात्र ‘सोप्या झाडां’च्या कुठल्याही यादीत सापडतील अशीच होती. त्यातलीही बहुतेक गेली.

सूनबाईंचं मागणं सरळ होतं. “आमच्याकडे झाडं जगत नाहीत. न मरणारी चार झाडं सांगा, तेवढीच आणते.”

अडचण नेमकी कुठे होती

झाडांची यादी देऊन मोकळं होता आलं असतं. पण ज्या घरात स्नेक प्लँट मरतं तिथे नवी यादी काय कामाची? हे झाड महिनाभर विसरलात तरी तक्रार करत नाही. ते मरतं ते जवळजवळ नेहमी पाण्याने.

हॉलमध्ये टीव्हीशेजारी पांढऱ्या चिनी मातीच्या देखण्या कुंडीत ते उभं होतं. पानं बुडाशी मऊ पडून एका बाजूला कलली होती. नर्सरीतली काळी प्लास्टिकची कुंडी तशीच आत ठेवलेली. ती वर उचलली, तर बाहेरच्या कुंडीत तळाशी तीन बोटं पाणी. नासलेल्या भाजीसारखा वास, आणि पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मुळं पांढरी असायला हवीत, ती तपकिरी झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल हातात आलं आणि आतला दोरा तेवढा राहिला. पाण्यात गुदमरलेली मुळं अशीच दिसतात. माती सतत ओली राहिली की तिच्यातली हवा संपते, मुळं मरतात आणि त्यावर बुरशी वाढते. वरून पानं मलूल दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो.

पाणी घालत होतं कोण? सूनबाई म्हणाल्या, “मी. दर शनिवारी, आठवड्यातून एकदाच.” मावशी म्हणाल्या, लादी पुसताना कुंडी सुकी दिसली की त्या मगभर पाणी ओततात. आजी काहीच बोलल्या नाहीत. पूजा झाल्यावर तांब्यातलं पाणी कुठे जातं, असं विचारल्यावर हसून म्हणाल्या, “अगं, ते काय मोरीत ओतायचं? झाडांनाच घालते.” म्हणजे रोज. तिघींपैकी कुणालाच दुसरीचा पत्ता नव्हता.

याउलट उजेडाकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. झाड कुठे शोभेल ते आधी ठरलं होतं, आणि शोभेची जागा म्हणजे टीव्हीचा कोपरा.

उजेडाची मोजणी

आपल्या डोळ्यांना अंधाराची चटकन सवय होते, त्यामुळे खोलीतल्या उजेडाचा अंदाज नेहमी चुकतो. मोबाइलवरचं लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं अॅप अचूक नसलं, तरी एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतं. नोव्हेंबरमधल्या एका स्वच्छ दिवशी, दिवे बंद करून मोजलं. टीव्हीचा कोपरा ७० लक्स. हॉलच्या खिडकीचा कट्टा १,४०० च्या आसपास आणि तिथून दोन पावलं आत ३००. बेडरूमची उत्तरेची खिडकी २,००० च्या वर. स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये सकाळी थेट ऊन, दोन तास का होईना. तिथे आकडा वीस हजारांपुढे गेला.

साधारण ५०० लक्सच्या खाली घरातली बहुतेक झाडं फारशी वाढत नाहीत. काही झाडं साठवलेल्या शिदोरीवर महिनोन्‌महिने तग धरतात, म्हणून ती ‘अंधारात चालतात’ असं म्हटलं जातं. टीव्हीच्या कोपऱ्यात तर तेही कठीण.

पर्याय

पहिला पर्याय ग्रो लाइटचा, म्हणजे झाडं वाढवण्यासाठीच्या दिव्याचा होता. बारा वॅटचा एलईडी रोज दहा तास लावला तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे बिलाची धास्ती नव्हती. पण टीव्हीशेजारी रोज दहा तास तो झगझगीत दिवा आजींना नको होता. तो मुद्दा मला रास्त वाटला.

दुसरा पर्याय माळ्याचा. इमारतीत येणाऱ्या माळ्याने महिन्याचे आठशे रुपये सांगितले. तो आठवड्यातून एकदा येणार, उरलेले सहा दिवस पाणी घालणारे तीन हात तेच राहणार. हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय प्लास्टिकची झाडं. सूनबाई निम्म्या तयार होत्या, आजी अजिबात नाही. माझ्या मते अंधाऱ्या कोपऱ्यासाठी हा प्रामाणिक पर्याय आहे. दर सहा महिन्यांनी तिथे एक जिवंत झाड मारण्यापेक्षा तो कधीही बरा.

चौथा पर्याय असा, की झाडं कमी करायची, जिथे उजेड आहे तिथेच ठेवायची आणि पाण्याची जबाबदारी एकाच माणसावर द्यायची. चर्चा याच्याभोवतीच फिरत राहिली.

आजींच्या मुलाचा एक वेगळा आग्रह होता. स्नेक प्लँट रात्री ऑक्सिजन देतं, तेव्हा दोन तरी बेडरूममध्ये हवीतच. हे झाड रात्री पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं, इतकं खरं. ऑक्सिजन मात्र उजेडातल्या प्रक्रियेतूनच तयार होतो. झाडं हवा शुद्ध करतात हा समज पसरला तो नासाच्या १९८९ च्या अभ्यासातून, आणि ते प्रयोग बंद पेट्यांत केलेले होते. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडक्या-दारांतून हवा जेवढी बदलते तेवढाच परिणाम झाडांकडून हवा असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यात दिसलं. टू बीएचकेत मग माणसांनी राहायचं कुठे? हा निकष आम्ही सोडून दिला.

चौदा महिन्यांची नात

खरी अडचण पुढेच होती. रांगणारी, धरून उभी राहणारी, सापडेल ते तोंडात घालणारी मुलगी घरात, आणि सोपी म्हणून जी झाडं सुचतात त्यातली बहुतेक चघळण्याजोगी नाहीत.

हे समजावताना आजींशी अळूवरून बोलणं सुरू झालं. अळूचं फदफदं करताना चिंच का घालतात, खाजरं अळू घशाला का लागतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे सुटते. मनीप्लँट, अॅग्लोनेमा, सिंगोनियम, पीस लिली, डिफेनबेकिया आणि हल्ली घरोघरी दिसणारं झीझी ही सगळी अळूच्याच कुळातली. पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजते. जिवावर बेतण्याची वेळ सहसा येत नाही, पण घरातल्यांची घाबरगुंडी उडते. स्नेक प्लँट या कुळातलं नाही, मात्र त्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. स्पायडर प्लँट आणि अरेका पाम निर्धोक मानली जातात.

आजींनी लगेच निकाल दिला. “मग अळूचं गोत सगळं वर टांगा, नाहीतर आणूच नका.”

अरेका खाली ठेवायला चालला असता, पण त्याला भरपूर उजेड लागतो, आणि असा उजेड असलेली एकही जमिनीवरची जागा या घरात नव्हती. तो वगळला. जेडला ऊन हवं आणि पावसाळ्यातली ओल त्याला सोसत नाही. तोही वगळला. उरलं ते असं: हॉलच्या खिडकीच्या कट्ट्यावर ग्रिलच्या आतल्या बाजूला दोन स्नेक प्लँट, नातीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. बेडरूमच्या खिडकीशी टांगलेल्या कुंडीत मनीप्लँट, लोंबणाऱ्या फांद्या वेळोवेळी छाटायच्या या अटीवर. त्याच खोलीत खिडकीजवळच्या बुटक्या स्टुलावर स्पायडर प्लँट. हॉलच्या पुस्तकांच्या कपाटावर झीझी. टीव्हीचा कोपरा रिकामा.

झीझीवर आमचं एकमत नव्हतं. कपाटाची जागा खिडकीपासून दोन पावलं आत, म्हणजे ३०० लक्सची. झीझी जमिनीखाली बटाट्यासारख्या गाठींत पाणी साठवतं, त्यामुळे ते तिथे मरणार नाही, पण वाढणारही नाही, असं मी सांगितलं. सूनबाईंना हॉलमध्ये काहीतरी हिरवं हवंच होतं. ते ठेवायचं ठरलं.

पाणी कुणी घालायचं

या घरातला सगळ्यात नाजूक निर्णय झाडांचा नव्हताच. सोपा मार्ग म्हणजे सूनबाईंवर जबाबदारी टाकणं. पण दिवसभर घरी आजी असतात, पान पिवळं पडलेलं पहिल्यांदा त्यांनाच दिसतं, आणि ‘आता तुम्ही पाणी घालू नका’ हे सासूला सांगायचं कोणी? तसं सांगितलं असतं तरी तांब्या रिकामा करायला कुठेतरी जागा लागणारच होती.

म्हणून तांब्याला जागा दिली. स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये, जिथे दोन तासांचं ऊन होतं, तिथे मातीच्या कुंडीत तुळस लावली आणि शेजारी पुदिना. रोज थोडं पाणी या दोघांना मानवतं. पूजेचं पाणी तिथे, बाकी कुठेही नाही. तुळशीला खरं तर याहून जास्त ऊन हवं. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या तर ती दोनेक वर्षं साथ देईल, नंतर नवं रोप लावावं लागेल, हे आजींना आधीच सांगून ठेवलं.

उरलेल्या कुंड्यांची सत्ताही आजींकडेच गेली, पण नियम वाराचा राहिला नाही. बोटाची दोन पेरं मातीत खुपसून बघायची. मनीप्लँट आणि स्पायडरला माती तेवढी कोरडी लागली की पाणी. स्नेक प्लँट आणि झीझीची कुंडी उचलून पाहायची. फुलासारखी हलकी लागली तरच पाणी. मावशींचा मग बंद झाला आणि त्यांच्याकडे दुसरं काम आलं: दर आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसणं. समोर बांधकाम चालू असताना हे काम पाण्याइतकंच महत्त्वाचं असतं, कारण आधीच कमी असलेला उजेड धुळीचा थर आणखी अडवतो.

प्रत्यक्षात काय केलं

जुन्या कुंड्यांपैकी ज्यांना भोक नव्हतं त्या बाहेर काढल्या. नवी रोपं आरेतल्या एका नर्सरीतून आणली. मुंबईत येणारी बरीच रोपं आंध्रातल्या कडियमची किंवा पुण्याकडची असतात, आणि काहींच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. बाहेरून पाणी वाहून जातं, आतला गोळा मात्र एकतर ठणठणीत कोरडा राहतो नाहीतर दिवसेंदिवस ओला. घरात रुळायला दोन-तीन आठवडे देऊन मग हा गोळा सैल केला. स्नेक प्लँटसाठी लाल माती, विटांचा चुरा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान. मनीप्लँटला कोकोपीट आणि गांडूळखत जरा जास्त. तळाशी खडीचा थर घातला नाही. त्याने निचरा सुधारतो हा समज चुकीचा आहे. पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते.

बाटलीतला मनीप्लँट मातीत गेला, लकी बांबूला निरोप दिला. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधत घरोघरी फिरतात तेव्हा मनीप्लँटच्या बाटल्या, बांबूची भांडी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आधी बघतात. अळ्या सापडल्या तर नोटीस येऊ शकते. डेंग्यूचा एडीस डास बहुतेक स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे भांडं आतून घासावंच लागतं.

ग्रिलमधल्या कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, कारण दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी गळाल्याची तक्रार सेक्रेटरींकडे आधीच गेली होती. ताटल्या रोज रिकाम्या करायच्या हेही आजींच्या यादीत.

काय घडलं

हिवाळा निर्वेध गेला. जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथून सूनबाई लाल पानांचा अॅग्लोनेमा घेऊन आल्या. तो यादीत नव्हता. कपाटावर झीझीशेजारी, एसीच्या थेट झोताखाली त्याला जागा मिळाली. उन्हाळ्यात रात्रभर एसी सुरू झाल्यावर त्याची पानं एकेक करून पिवळी पडली. रंगीत अॅग्लोनेमाला हिरव्यापेक्षा जास्त उजेड लागतो आणि थंड झोत तर कुठल्याच अॅग्लोनेमाला चालत नाही. मे संपेपर्यंत तो गेला.

मे महिन्यात स्पायडरची टोकंही करपली. उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, असं सगळे धरून चालतात. पण मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि तसाच मावळतो, त्यामुळे मे महिन्यात या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. स्टूल हातभर आत सरकवलं, तेवढ्याने भागलं.

त्याच स्टुलावर वर्षातला एकमेव अपघात झाला. स्पायडरला लांब दोरे फुटून टोकांना पिल्लं लोंबायला लागली होती. नातीने एक दोरा धरून ओढला आणि कुंडी खाली आली. मुलीला लागलं नाही, कुंडी फुटली. आम्ही इतका वेळ विषारी काय आणि निर्धोक काय यात घालवला, आणि घरातलं सगळ्यात निरुपद्रवी झाडच तिच्या अंगावर येता येता राहिलं.

मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो. जुलैत हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते आणि ढगांमुळे खिडकीतला उजेड निम्म्याहून कमी होतो. खरी परीक्षा इथे होती. आजींनी कुंडी उचलून पाहण्याचा नियम इतका कसोशीने पाळला की संपूर्ण जुलैत स्नेक प्लँटला एकदाही पाणी लागलं नाही. “काही प्यायलंच नाही गं ते,” त्या काळजीने म्हणाल्या, पण हात आवरता ठेवला. ऑगस्टच्या शेवटी दोन्ही झाडं ताठ होती आणि एकाच्या बुडातून नवा कोंब वर आला होता. मनीप्लँट भरघोस वाढला. तुळस उंच, किडकिडीत झाली, पण जगली. झीझीला एकही नवी फांदी फुटली नाही, एकही पान गळलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लक्सची मोजणी फक्त नोव्हेंबरमध्ये झाली. मे आणि जुलै हे मुंबईतल्या खिडकीचे दोन टोकाचे महिने, आणि जागा त्यांना धरून ठरायला हव्या होत्या. घरात राहणाऱ्याला हे सहज जमतं: वर्षातून तीनदा, त्याच जागी, त्याच वेळी मोजायचं आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवायचे.

लहान मूल असलेल्या घरात पहिला प्रश्न विषाचा नसावा, वजनाचा असावा. ओढल्यावर काय पडेल? स्पायडरला आता बेडरूमच्या ग्रिलच्या गजाला बांधून टाकलं आहे. हे पहिल्या दिवशीच होण्यासारखं होतं.

अॅग्लोनेमाबाबत घरात दोन मतं आहेत. आजींच्या मते यादीबाहेरचं काही आणूच नये. माझं मत तितकं कडक नाही. प्रदर्शनात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतेल, अशी अपेक्षाच चुकीची. निघण्यापूर्वी घरात रिकामी जागा कोणती आणि तिथला उजेड किती, एवढं मोबाइलमध्ये लिहून नेलं असतं तरी तिथे दुसरं काही निवडता आलं असतं.

झीझीचं काय करायचं ते लटकलेलं आहे. त्याला दोन महिने बेडरूममध्ये आणि दोन महिने कपाटावर असं फिरवत ठेवा, असं मी सुचवलं आहे. समोरच्या टॉवरची जाळी उतरून भिंतीला पांढरा रंग लागला तर हॉलमध्ये परावर्तित उजेड वाढेलही. तेव्हा पुन्हा मोजायचं ठरलं आहे.

दरम्यान आजींना मोगरा हवा आहे. त्याला चार-पाच तासांचं ऊन लागतं, घरात दोन तासांचंच आहे, आणि तेही स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये. तिथे मोगरा बसवायचा तर पुदिना हलवावा लागेल, आणि पुदिना हलवायला सूनबाई तयार नाहीत.